गावाकडच्या वाटेवर गुरे समोर आली तर: सुरक्षित कसे राहावे आणि मार लागल्यास काय करावे

सुट्टीत गावी गेल्यावर सकाळी पाणंदीने फेरी मारणे, पावसाळ्यात गडावर जाणे, कृषी पर्यटन केंद्रात मुलांना गोठा दाखवणे, किंवा मधुमेहासाठी डॉक्टरांनी सांगितले म्हणून शेताच्या बांधाबांधाने चालणे, या सगळ्यांत कुठे ना कुठे गुरांशी गाठ पडतेच. बहुतेक वेळा काहीही होत नाही. गुरे चरत राहतात, आपण पुढे जातो.

तरीही शिंग लागलेले, लाथ बसलेले किंवा गुरांच्या घाईत पडून हाड मोडलेले रुग्ण ग्रामीण भागातल्या प्रत्येक डॉक्टरकडे येतात. त्यांत शेतकरी असतात, तसेच चार दिवसांसाठी गावी आलेले पाहुणेही असतात. हा लेख मुख्यतः पाहुण्यांसाठी आणि घरातल्या वयस्कर माणसांसाठी आहे. गुरांच्या जवळून जाताना काय पाळावे, जनावर अंगावर आले तर काय करावे आणि मार लागल्यावर कोणत्या खुणा दिसल्या तर वेळ न घालवता रुग्णालय गाठावे, हे यात सांगितले आहे.

थोडक्यात लक्षात ठेवा

- गाय आणि तिच्या वासराच्या मधून कधीही जाऊ नका.
- सोबत कुत्रा असेल तर गुरांपासून लांबचा रस्ता घ्या. गुरे अंगावर आलीच तर कुत्र्याची साखळी सोडून द्या.
- मागून, गुपचूप किंवा पळत गुरांजवळ जाऊ नका.
- पोटाला किंवा छातीला मार लागला असेल तर बाहेरून जखम दिसत नसली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.
- तोंडातून सतत लाळ गळणाऱ्या जनावराच्या तोंडात हात घालू नका.

'गरीब गाय' का मारते?

एखाद्या शांत माणसाला आपण 'अगदी गरीब गाय आहे' असे म्हणतो. त्यामुळे गाय मारू शकते हे शहरातल्या माणसाच्या ध्यानातच येत नाही. शिवाय गाय दिसली की पाठीवर हात लावून नमस्कार करायची सवय अनेकांना असते. घरच्या, ओळखीच्या गायीला त्याचे काही वाटत नाही. पण अनोळखी गायीच्या दृष्टीने तुम्ही मागून येऊन अंगाला हात लावणारा परका माणूस असता.

गुरे सहसा रागाने मारत नाहीत, भीतीने मारतात. त्यामागच्या तीन गोष्टी समजून घ्या.

पहिली गोष्ट नजरेची. गाय-म्हशीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्यामुळे त्यांना ३०० अंशांहून अधिक, म्हणजे जवळजवळ सगळीकडचे दिसते. मात्र शेपटीच्या अगदी मागचा भाग त्यांना दिसत नाही. तिथून कोणी आले की ते बुजतात आणि लाथ झाडतात. अंतराचा अंदाजही त्यांना आपल्याइतका चांगला येत नाही, म्हणून अचानक हललेली वस्तू त्यांना धोक्याची वाटते.

दुसरी गोष्ट अंतराची. प्रत्येक जनावराभोवती एक अदृश्य रिंगण असते. त्याच्या बाहेर तुम्ही असाल तर ते नुसते बघते. आत आलात तर ते बाजूला सरकते. आणि सरकायला जागा नसेल, म्हणजे एका बाजूला कुंपण, दुसऱ्या बाजूला ओढा असेल, तर ते तुमच्या अंगावरून वाट काढते. माणसाळलेल्या गायीचे रिंगण लहान असते, माळावर मोकळ्या चरणाऱ्या गुरांचे मोठे.

तिसरी गोष्ट वजनाची. मोठी संकरित गाय किंवा म्हैस चार-पाचशे किलोची असते. तिने मारायचे ठरवले नसले, नुसती मान झटकली किंवा ती घाईत शेजारून गेली, तरी साठ किलोचा माणूस फेकला जातो. साठीच्या पुढच्या व्यक्तीचे खुब्याचे हाड मोडायला तेवढे पुरते.

लाल रंगाने बैल चिडतो हा मात्र गैरसमज आहे. गुरांना लाल रंग आपल्यासारखा दिसतच नाही. त्यांना बुजवते ती हालचाल: फडफडणारी ओढणी, झटकन उघडलेली छत्री, वाऱ्याने फुगलेला रेनकोट.

कोणत्या जनावरांपासून जास्त जपावे?

- नुकतीच व्यालेली गाय किंवा म्हैस. एरवी कितीही शांत असली तरी या दिवसांत ती कोणालाही जवळ येऊ देत नाही. 'वासरू किती गोड आहे' म्हणत मुले धावतात, तेव्हाच अपघात होतो.
- वळू आणि रेडा. मोकळा वळू दिसला तर वाट बदला. कळपात माजावर आलेली गाय असेल तर त्याचे लक्ष तिच्यावर असते आणि मध्ये येणारे कोणीही त्याला नको असते.
- खोंडे आणि कालवडी. ही तरुण गुरे मारकी नसतात, पण कुतूहलाने घोळक्याने मागे येतात आणि हुंदडतात. त्यांच्या खेळात माणूस खाली पडू शकतो.
- लांब शिंगांची जनावरे. खिलार बैलाची टोकदार शिंगे किंवा पंढरपुरी म्हशीची खांद्यापर्यंत पोचणारी लांब शिंगे आपल्या अंदाजापेक्षा दूरवर लागतात. माशी हाकलायला डोके फिरवले तरी शेजारच्या माणसाच्या डोळ्याला किंवा पोटाला इजा होऊ शकते.
- मिरवणुकीतले आणि शर्यतीचे बैल. पोळा, बेंदूर किंवा बैलगाडा शर्यतीच्या दिवशी ढोल, फटाके आणि गर्दी यांमुळे रोजचा शांत बैलही बुजून उधळू शकतो. रस्त्याच्या कडेला, मागे सरकायला जागा असेल अशा ठिकाणी उभे राहा. लहान मुलांना कडेवर घ्या, पुढे उभे करू नका.
- दाव्याला बांधलेले जनावर. बांधलेले आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. दाव्याच्या लांबीएवढ्या वर्तुळात ते मोकळेच असते.

जनावर आधी इशारा देते

फार थोडी जनावरे काहीच न दाखवता धावून येतात. पुढील खुणांपैकी एक जरी दिसली तरी तिथेच थांबा आणि मागे फिरा.

- चरणे थांबवून मान वर करून तुमच्याकडे एकटक पाहणे
- मग मान खाली घालून शिंगे पुढे करणे
- पुढच्या पायाने माती उकरणे
- फुरफुरणे, किंवा वळूचे खर्जातले डुरकणे
- वळूने आडवे उभे राहून आपले पूर्ण अंग दाखवणे. तो निघून चालला आहे असे अनेकांना वाटते, पण तो धाक दाखवत असतो
- गायीने वासरू आणि तुमच्यामध्ये येऊन उभे राहणे

वाटेवर काय पाळावे?

- गुराखी जवळ असेल तर लांबूनच हाक मारून विचारा, 'दादा, जाऊ का इकडून? कोणी मारकी आहे का?' प्रत्येक कळपातल्या प्रत्येक जनावराचा स्वभाव त्याला ठाऊक असतो. हा एक प्रश्न या लेखातल्या निम्म्या सूचनांएवढ्या कामाचा आहे.
- कळपाच्या मधून जाऊ नका, वळसा घाला. दहा मिनिटे जास्त लागली तरी चालतील.
- जाताना साध्या आवाजात बोलत राहा, म्हणजे तुम्ही कुठे आहात ते त्यांना कळते. किंचाळणे, शिट्ट्या आणि मोठ्याने गाणी टाळा.
- हातात काठी असू द्या. ती मारण्यासाठी नव्हे, आडवी धरून आपण मोठे दिसावे यासाठी.
- गुरांजवळ छत्री उघडू किंवा मिटू नका. आधीच उघडून ठेवा किंवा थोडे भिजा.
- खाण्याच्या पिशव्या दिसतील अशा धरू नका. देवळाजवळची आणि पर्यटनस्थळांवरची गुरे पिशवी ओळखतात आणि मागे लागतात.
- अरुंद पाणंदीत समोरून कळप येत असेल तर मध्ये उभे राहू नका. बांधावर चढा, झाडामागे जा किंवा एखाद्या वाफ्यात सरका आणि सगळी गुरे जाऊ द्या.
- घाटवाटेवर जनावरे येत असतील तर नेहमी डोंगराच्या बाजूला उभे राहा, दरीच्या बाजूला नाही. ओझे लादलेल्या जनावराचा साधा धक्काही दरीत पडायला पुरतो. केदारनाथसारख्या यात्रांत आणि हिमालयातल्या ट्रेकवर खेचरांच्या बाबतीत हाच नियम लागू होतो.
- जनावराच्या मागून जाणे टाळता येत नसेल तर बरेच लांबून जा. घोडा आणि गाढव मागे लाथ मारतात. गाय पाय पुढे घेऊन बाजूलाही लाथ झाडते, म्हणून तिच्या मांडीशेजारी उभे राहणेही सुरक्षित नाही.
- जनावरासोबत सेल्फी काढताना आपली पाठ त्याच्याकडे होते आणि इशारे दिसत नाहीत. फोटो लांबून काढा.

सोबत कुत्रा असेल तर

गुरांच्या दृष्टीने कुत्रा म्हणजे लांडग्याचा भाऊ. वासरू असलेली गाय कुत्र्यावर धावते, घाबरलेला कुत्रा मालकाच्या पायांशी येतो आणि मार मालकाला लागतो. कुत्र्याला आखूड साखळीवर ठेवा आणि कळपापासून दूर राहा. गुरे धावून आलीच तर साखळी सोडा. कुत्रा गायीपेक्षा चपळ असतो, तो सुटतो. त्याला उचलून छातीशी धरणे ही सगळ्यांत धोक्याची गोष्ट आहे.

जनावर अंगावर आले तर

१. पाठ फिरवून पळू नका. धावण्यात आपण हरतो आणि पळणाऱ्यामागे कळप लागतो. जनावराकडे तोंड ठेवून, हात पसरून, मागे मागे पण भराभर सरका.

२. झाड, भिंत, कुंपण, उभी गाडी, उंच बांध यांपैकी जे जवळ असेल ते आपल्या आणि जनावराच्या मध्ये आणा. ते अगदी दोन पावलांवर असेल तरच धाव घ्या.

३. हातातली पिशवी, टोपी किंवा छत्री बाजूला फेका. जनावर क्षणभर तिकडे वळले तर तेवढा वेळ मिळतो.

४. खाली पडलात तर लगेच उठून उभे राहण्याची धडपड जनावर समोर असेपर्यंत करू नका. गुडघे पोटाशी घ्या, हनुवटी छातीला लावा, दोन्ही हातांनी मान आणि डोके झाका. संधी मिळताच लोळत किंवा रांगत आडोशाला जा.

५. दुसऱ्याला मारणाऱ्या जनावराच्या पुढे रिकाम्या हातांनी उडी घेऊ नका. लांबून ओरडा, घोंगडे किंवा चादर फडकवा, गुराख्याला बोलवा. वाचवायला गेलेलाच जखमी झाला तर रुग्ण दोन होतात.

इतर प्राणी

शेळ्या-मेंढ्या. कळपातला बोकड किंवा एडका ढुशी देतो. मोठ्या माणसाच्या ती गुडघ्याला किंवा मांडीला बसते, लहान मुलाच्या तोंडाला किंवा पोटाला. मात्र धनगरांच्या कळपाजवळ खरे जपायचे ते राखणीच्या कुत्र्यांपासून. ती आपले काम करत असतात. कळपाच्या जवळ जाऊ नका, कुत्र्याच्या डोळ्यांत पाहू नका, पळू नका. मालकाला हाक मारा.

घोडे. माथेरान किंवा महाबळेश्वरला घोड्याच्या मागून जाऊ नका आणि त्याला तोंडाजवळ हात नेऊन खाऊ देऊ नका. घोडा चावल्यावर कातडी फाटली नाही तरी आतले स्नायू चेंगरतात.

डुकरे. पिल्ले असलेली डुकरीण चावू शकते. लांब राहा.

कोणी विशेष जपावे?

- रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे. वॉरफरिन, क्लोपिडोग्रेल, ॲस्पिरिन किंवा त्यांसारख्या नव्या गोळ्या चालू असतील तर साध्या ढुशीनेही आत रक्तस्राव होऊ शकतो. औषधांची चिठ्ठी खिशात ठेवा आणि डॉक्टरांना ती सगळ्यांत आधी दाखवा.
- साठीच्या पुढच्या व्यक्ती, विशेषतः हाडे ठिसूळ असलेल्या, कमी ऐकू येणाऱ्या किंवा चालताना तोल जाणाऱ्या.
- गरोदर स्त्रिया. पोटाला मार लागला तर दुखत नसले तरी तातडीने तपासणी हवी. तसेच जनावराच्या बाळंतपणात मदत करणे, वार किंवा गर्भपाताचे अवशेष हाताळणे पूर्ण टाळावे. त्यातून होणारे काही संसर्ग गर्भाला घातक असतात.
- लहान मुले. त्यांचे डोके जनावराच्या खुरांच्या आणि शिंगांच्या उंचीवर असते.
- मधुमेही. पायावर खूर पडून झालेली जखम पायातली संवेदना कमी असल्याने लक्षातच येत नाही. घरी आल्यावर दोन्ही पाय नीट पाहा.

मार लागल्यावर प्रथमोपचार

- आधी जखमीला आणि स्वतःला जनावरापासून दूर न्या.
- रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर घट्ट दाबून धरा. सारखी उचलून पाहू नका. कापड भिजले तर त्यावरच दुसरे ठेवा.
- लहान जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा. हळद, चुना, तंबाखू, राख, शेण यांपैकी काहीही लावू नका.
- पोट फाटून आतडे बाहेर आले असेल तर ते आत ढकलू नका. स्वच्छ ओल्या कापडाने झाका. जखमीला उताणे झोपवून गुडघे दुमडून ठेवा. खायला-प्यायला काही देऊ नका, पाणीसुद्धा नाही.
- मान किंवा पाठ दुखत असेल, हातापायांत मुंग्या येत असतील तर उचलून बसवू नका. डोके, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून फळीवरून न्या. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नका.
- १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. गावाचे नाव, जवळची खूण आणि मार कुठे लागला ते सांगा.

शिंगाची जखम वरून फसवते

शिंगाची जखम वरून दोन-तीन सेंटिमीटरची दिसते आणि आत मात्र खोल आणि वाकडी गेलेली असते. शिंग आत गेल्यावर जनावर मान झटकते, त्यामुळे आतले स्नायू, रक्तवाहिन्या, कधी आतडे किंवा फुप्फुस फाटते. शिवाय शिंगावरची माती आणि शेण आत खोल जाते. म्हणून शिंगाच्या जखमेला वरच्या वर टाके घालून घेऊ नका. ती आतपर्यंत तपासून, धुऊन घ्यायला हवी. पोट, जांघ, छाती किंवा मान इथली शिंगाची जखम शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयातच दाखवावी.

जखम दिसत नसली तरी

'काही नाही हो, नुसती ढुशी लागली', असे म्हणत रुग्ण घरी जातो. घरच्यांनाही रक्त दिसत नाही म्हणून बरे वाटते. पण प्लीहा आणि यकृत हे बरगड्यांखालचे अवयव आतल्या आत फाटू शकतात. रक्तस्राव हळू असेल तर काही तास, क्वचित काही दिवस, रुग्ण बरा दिसतो आणि मग अचानक खालावतो.

म्हणून छातीला किंवा पोटाला ढुशी, लाथ किंवा खुराचा मार लागला असेल तर त्याच दिवशी तपासून घ्या. डॉक्टर गरजेनुसार सोनोग्राफी, एक्स-रे किंवा सीटी स्कॅन सांगतील. घरी पाठवले तरी पहिले दोन दिवस रुग्णाला एकटे ठेवू नका. पुढील खुणा दिसल्या तर रात्र असली तरी रुग्णालय गाठा.

- पोटात वाढत जाणारे दुखणे, पोट फुगणे किंवा कडक होणे
- मार पोटाला लागला असताना डाव्या खांद्यात दुखणे
- चक्कर, घाम, अंग थंड आणि फिकट पडणे, नाडी जलद होणे
- श्वास घेताना धाप, किंवा थुंकीतून रक्त
- लघवीतून रक्त
- डोक्याला मार लागल्यावर उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणे, फिट येणे
- पायावर भार देता न येणे, किंवा एक पाय आखूड दिसणे

धनुर्वात आणि रेबीज

धनुर्वात. मातीत आणि शेणात धनुर्वाताचे जंतू असतात. जखम मळलेली किंवा खोल असेल आणि शेवटच्या इंजेक्शनला ५ वर्षांहून अधिक काळ झाला असेल तर टीडी लस घ्यावी. आधी लसीकरण झालेलेच नसेल किंवा आठवत नसेल तर लशीसोबत तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही लागू शकते. हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

रेबीज. रेबीज फक्त कुत्र्याचा आजार नाही. पिसाळलेला कुत्रा चावला की गाय, म्हैस, शेळी, घोडा यांनाही तो होतो. असे जनावर खाणे सोडते, त्याला गिळता येत नाही, तोंडातून लाळ गळते, आवाज बदलतो, मागचे पाय लुळे पडू लागतात. काही जनावरे धावून येतात, काही नुसती सुस्त होतात.

इथे एक गोष्ट नेहमी घडते. लाळ गळताना पाहून घरच्यांना वाटते की घशात काही अडकले. मग कोणीतरी हात घालून घसा तपासतो. हाताला चिरा किंवा ओरखडे असतील तर त्यातून विषाणू शरीरात जाऊ शकतो. लक्षणे सुरू झालेला रेबीज जवळजवळ नेहमीच मृत्यूने संपतो. मात्र वेळेवर आणि पूर्ण उपचार घेतले तर तो टाळता येतो. लाळ गळणारे जनावर दिसले तर हात न लावता पशुवैद्यकांना बोलवा.

जनावर चावले, त्याची लाळ जखमेवर, डोळ्यांत किंवा तोंडात गेली तर:

- जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पूर्ण १५ मिनिटे धुवा. डोळे आणि तोंड नुसत्या पाण्याने धुवा.
- त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा रुग्णालयात जा. सरकारी रुग्णालयांत कातडीत देण्याची लस साधारणपणे ०, ३, ७ आणि २८व्या दिवशी दिली जाते. स्नायूत देण्याचे वेळापत्रक ०, ३, ७, १४ आणि २८ असे असते. एकही दिवस चुकवू नका. सुट्टी संपवून शहरात परतलात तर उरलेले डोस तिथे घ्या.
- रक्त आलेला चावा किंवा फाटलेल्या कातडीवर लागलेली लाळ ही गंभीर श्रेणी आहे. यात लशीबरोबर जखमेत सीरम द्यावे लागते. ते प्रत्येक केंद्रात नसते, म्हणून निघण्यापूर्वी फोन करून विचारा.
- '१० दिवस जनावर पाहू, मग ठरवू' हा हिशेब गाय-म्हशीला लागू नाही. १० दिवसांचे निरीक्षण फक्त कुत्रा आणि मांजर यांच्यासाठी आहे, आणि तिथेही उपचार लगेच सुरू करायचे असतात.

मार न लागताही होणारे आजार

गुरांच्या वाटेने फिरून आल्यानंतर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना 'मी गावी गेलो होतो, गुरांजवळ होतो' हे आवर्जून सांगा. एवढ्या माहितीने निदान लवकर होते.

- लेप्टोस्पायरोसिस. उंदीर आणि गुरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्या-चिखलातून, पायावरच्या जखमांवाटे होतो. कोकणात पावसाळ्यात विशेष आढळतो. ताप, पोटऱ्या खूप दुखणे, डोळे लाल होणे ही लक्षणे. चिखलात अनवाणी चालू नका.
- गोचिडांचे आजार. सिंधुदुर्गातील दोडामार्ग भागात आणि गोव्याच्या सत्तरीत माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. तो गोचिडांमधून पसरतो. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, पॅन्ट मोज्यांत खोचा, घरी आल्यावर काखा, जांघा, कानांमागे पाहा. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ वर ओढा. बोटांनी चिरडू नका, चटका देऊ नका.
- ब्रुसेलोसिस. न तापवलेल्या दुधातून किंवा गाभडलेल्या जनावराच्या संपर्कातून होतो. आठवडे रेंगाळणारा ताप, रात्री घाम, सांधे-कंबर दुखणे. धारोष्ण दूध कितीही आग्रह झाला तरी पिऊ नका. उकळून प्या.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या किंवा फिरायला जाणाऱ्यांसाठी

तिथे सार्वजनिक पायवाटा शेतकऱ्यांच्या कुरणांतून जातात आणि कुरणात गाई वासरांसह मोकळ्या असतात. गुराखी सोबत नसतो. २००९ साली ब्रिटनचे माजी गृहमंत्री डेव्हिड ब्लंकेट हे दृष्टिहीन नेते आपल्या मार्गदर्शक कुत्र्यासह चालत असताना गायीने त्यांना पाडले आणि त्यांच्या बरगडीला इजा झाली. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८१च्या कायद्यानुसार दुधाळ जातींचे १० महिन्यांवरील वळू अशा कुरणात ठेवता येत नाहीत, पण मांसासाठीच्या जातींचे वळू गाईंबरोबर असू शकतात. तेव्हा कुरणात वळू नसेलच असे धरून चालू नका. फाटक जसे होते तसे बंद करा, वासरे दिसली तर कडेकडेने जा. तिथे तातडीचा क्रमांक ९९९ आहे. पाळीव जनावरांत रेबीज नाही, पण गोचिडीमुळे लाइम रोग होतो. चावल्यानंतर काही दिवसांनी पसरत जाणारे लाल वर्तुळ दिसले तर डॉक्टरांना दाखवा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

शिंग लागले, कातडी फाटली नाही. रेबीजची लस घ्यावी का?
नुसत्या शिंगाच्या मुक्या मारासाठी गरज नसते. पण जनावर आजारी वाटत असेल किंवा त्याची लाळ जखमेला लागली असेल तर डॉक्टरांना तसे सांगा. निर्णय त्यांच्यावर सोडा.

आजारी गायीचे दूध घरात सगळ्यांनी प्यायले, तिला रेबीज असल्याचे नंतर कळले.
उकळलेल्या दुधाने रेबीज होत नाही. कच्चे दूध प्यायले असेल किंवा धार काढणाऱ्याच्या हाताला लाळ लागली असेल तर डॉक्टरांना भेटा. ज्यांनी त्या गायीला चारा-पाणी दिले, तोंड पुसले, औषध पाजले, त्या सगळ्यांची यादी करून न्या.

बरगडी मोडली तर पट्टा बांधावा का?
नाही. घट्ट पट्ट्याने श्वास उथळ होतो आणि न्यूमोनियाचा धोका वाढतो. वेदनाशामक औषध वेळेवर घ्या आणि दर तासाला काही खोल श्वास घ्या.

वडील रोज शेतात फिरतात, आता बंद करावे का?
नाही. चालण्याचा फायदा मोठा आहे. वेळ आणि वाट बदला. गुरे सोडण्याची आणि परतण्याची वेळ टाळा, काठी आणि मोबाइल सोबत द्या, आणि कोणत्या वाटेने जाणार ते घरी सांगून जाऊ द्या.

शेवटी

जनावराने मारले की घरात दोषारोप सुरू होतात: मालकाने सोडलेच का, तू तिकडे गेलासच का. ते नंतर बघता येईल. पहिल्या तासात फक्त तीन गोष्टी पाहा: रक्त थांबले का, श्वास नीट आहे का, रुग्णालयात कोण आणि कशाने नेणार. बाहेरून काही दिसत नाही म्हणून कोणी 'झोप जरा, बरं वाटेल' म्हणत असेल, तर वर दिलेल्या धोक्याच्या खुणा त्याला वाचून दाखवा आणि गाडी काढायला सांगा.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या प्रकृतीनुसार उपचार तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या.*